हाताला वळण लावू द्या

गेल्या पावसाळ्यात कलाशिक्षणावरच्या एका परिसंवादाला गेलो होतो. व्यासपीठावरच्या एका वक्त्यांनी ठासून सांगितलं की चित्रकला शिकवता येत नाही, शिकवू गेलं की ती मरते. मुलांच्या हातात रंग द्यावेत आणि शिक्षकाने बाजूला व्हावं. वस्तुचित्र, प्रमाण, छायाप्रकाश, यथार्थदर्शन हे सगळं इंग्रजांनी आपल्या मानेवर ठेवलेलं जोखड आहे, ते उतरवायची वेळ आली आहे. सभागृहाने जोरदार टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत पालक होते, आणि नुकतेच नोकरीला लागलेले कलाशिक्षकही होते. मी ३१ वर्षं एका तालुक्याच्या गावी चित्रकला शिकवली. त्या दिवशी वेळ संपली म्हणून बोलायचं राहून गेलं. ते आता बोलतो.

वक्त्यांचं म्हणणं एकट्याचं नाही. शिक्षणावरच्या चर्चांमध्ये, पालकसभांमध्ये, कलावंतांच्या मुलाखतींमध्ये ते वेगवेगळ्या तोंडून ऐकू येतं. त्यात तीन मुद्दे असतात. पहिला, तंत्राची शिकवण परकी आहे, ती वसाहतीच्या राज्यकर्त्यांनी लादली. दुसरा, नक्कल आणि सराव यांमुळे मुलाची स्वतःची दृष्टी मरते, मोठे कलावंत शाळा सोडूनच मोठे झाले. तिसरा मुद्दा अलीकडचा. संगणकाला चार ओळी लिहून दिल्या की तो हवं ते चित्र काढून देतो, मग हात घडवत बसायचं कशासाठी? तिन्ही मुद्दे मांडणारे लोक मुलांचं भलंच चिंततात, याबद्दल मला शंका नाही. पण तिन्ही मुद्दे चुकीचे आहेत आणि त्यांची किंमत ज्या मुलांना मोजावी लागते ती मुलं त्या सभागृहात नव्हती.

आधी वर्गात काय घडतं ते सांगतो.

सातवीचा वर्ग. टेबलावर पितळेचा तांब्या ठेवलेला. मुलांनी काढलेले बहुतेक तांबे एकसारखे असतात: वर तोंड पूर्ण गोल, खाली बूड सरळ रेघेसारखं सपाट. दर वर्षी, दर तुकडीत हेच. कारण मूल तांब्या पाहत नसतं, तांब्याबद्दल त्याला जे ठाऊक आहे ते काढत असतं. तोंड गोल आहे हे त्याला ठाऊक आहे. तांब्या टेबलावर डगमगत नाही, म्हणजे बूड सपाट आहे, हेही ठाऊक आहे. एका वर्षी गवंडीकाम करणाऱ्या माणसाची मुलगी पहिल्या बाकावर होती. मी तांब्या उचलून हळूहळू तिच्या डोळ्यांच्या पातळीला आणला. तोंडाचं लंबवर्तुळ अरुंद होत होत एक रेघ झालं. ती एकदम म्हणाली, "सर, तोंड मिटलं!" मग तांब्या खाली नेला. तोंड पुन्हा उघडलं आणि जितका खाली नेला तितकं जास्त उघडलं. ती काही न बोलता कागदाकडे वळली, तोंड खोडून अरुंद केलं, आणि मी सांगायच्या आत बुडाची सरळ रेघ खोडून तिथे वाटोळी कड काढली. बूड तोंडाच्याही खाली आहे, तेव्हा त्याचा गोल तोंडापेक्षा जास्त उघडलेला दिसणार, हे तिचं तिला उमगलं होतं.

ज्याला यथार्थदर्शनाचं जोखड म्हणतात ते हे. त्या पाच मिनिटांत मी त्या मुलीवर काय लादलं? तिच्या डोळ्यांसमोर जे होतं आणि जे ती पाहत नव्हती, तेवढंच तिला दाखवलं. ठाऊक असणं आणि दिसणं यांतला फरक कळणं ही चित्रकलेची पहिली पायरी आहे. ती पायरी मूल आपली आपण क्वचितच चढतं. कुणीतरी तांब्या उचलून धरावा लागतो.

आता परकेपणाच्या आरोपाकडे येतो.

एकाच बिंदूकडे धावणाऱ्या रेषांचं गणिती यथार्थदर्शन पंधराव्या शतकात फ्लॉरेन्समध्ये बांधलं गेलं आणि आल्बेर्तीने १४३५ मध्ये ते ग्रंथात मांडलं, हे खरं आहे. पण चित्रातलं सगळं तंत्र म्हणजे तेवढं एक गणित नव्हे. विष्णुधर्मोत्तर पुराणातलं चित्रसूत्र उघडून पाहा. त्यात शरीराची मापं आहेत, उभं राहण्याच्या नऊ रीती आहेत. अंग वळलं की कुठला भाग आखडतो आणि कुठला वाढतो, त्याला तिथे क्षयवृद्धी असा शब्द आहे. छटा देण्याला वर्तना म्हटलं आहे आणि तिचे पत्र, ऐरिक आणि बिंदुज असे तीन प्रकार सांगितले आहेत. कामसूत्राच्या जयमंगला टीकेत यशोधराने चित्राची सहा अंगं दिली आहेत, त्यांत प्रमाण आहे, सादृश्य आहे, रंग मिसळण्याचं कौशल्य म्हणजे वर्णिकाभंगही आहे. हे ग्रंथ लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर सराव करणारा शिष्य होता. त्याच पुराणात मार्कंडेय ऋषी वज्र राजाला सांगतात की मूर्ती घडवायची तर आधी चित्र यायला हवं, चित्रासाठी नृत्य, नृत्यासाठी वाद्य आणि त्यासाठी गायन. इतकी लांबलचक तयारी सांगणाऱ्या परंपरेचं नाव घेऊन "शिकवू नका" म्हणणं हा त्या परंपरेवर अन्याय आहे.

अजिंठ्याची भिंत पाहा. दगडावर आधी मातीचा गिलावा, त्यात भाताचा कोंडा आणि वनस्पतींचे तंतू मळलेले. त्यावर चुन्याचा पातळ, गुळगुळीत थर. तो सुकल्यावर गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, आणि नंतरच्या काळात दूरदेशाहून आणलेला लाजवर्दी निळा. प्रत्येक थर किती जाड असावा आणि किती वाळू द्यावा हे ज्यांना ठाऊक होतं, ते कुणाच्या तरी हाताखाली वर्षानुवर्षं राबले असणार. ती चित्रं दीड हजार वर्षं टिकली त्यात कल्पनेइतकाच गिलाव्याचाही वाटा आहे.

कुणी म्हणतं, वारली बायकांना कुठल्या शाळेने शिकवलं? शाळेने नाही, पण शिकवलं नाही असं कसं म्हणता? लग्नाच्या वेळी सुवासिनी भिंतीवर चौक लिहितात. तो कुणी लिहायचा, चौकट कशी पाडायची, पालघाट देवी कुठे बसवायची, सगळं ठरलेलं. तांदळाचं पीठ किती पातळ कालवायचं आणि बांबूच्या काडीचं टोक किती चावून कुंचल्यासारखं करायचं, हे मुलगी आई-आजीच्या शेजारी बसून शिकते. ही शिस्त आपल्या डोळ्यांत भरत नाही, कारण तिला फळा नाही, तास नाही. पण ती शिस्त आहे, आणि कडक आहे. जिव्या सोमा मशे यांनी वारली चित्र लग्नघराच्या भिंतीवरून कागदावर आणलं, नवे विषय आणले, जगभर नेलं. पण त्रिकोणांतून माणूस उभा करणारी रेघ त्यांना त्या शिस्तीतूनच मिळाली होती.

आता इंग्रजांबद्दल. इथे मला वक्त्यांशी निम्मं सहमत व्हायचं आहे, कारण त्यांचं निम्मं खरं आहे. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून मुंबईत १८५७ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं. त्याचा साचा लंडनच्या साउथ केन्सिंग्टनचा होता. ती पद्धत इंग्लंडमध्ये कारखानदारीसाठी नक्षीकार घडवायला निघाली होती. भूमितीच्या आकृत्या, पानाफुलांचे नमुने, प्लॅस्टरच्या पुतळ्यांवरून रेखाटन, सगळं पायरीपायरीने आणि परीक्षेच्या मापाने. हिंदुस्थानी माणूस चांगला कारागीर होईल, उच्च कोटीचा चित्रकार होणार नाही, ही समजूत त्यामागे होती. ती अपमानास्पद होती, याबद्दल वाद नाही.

पण त्या अपमानाचं स्वरूप नीट पाहा. युरोपातल्या अकादम्यांमध्ये चित्रकाराच्या शिक्षणाचा कणा होता तो जिवंत माणसाला समोर बसवून केलेला अभ्यास. मुंबईच्या शाळेत न्यूड मॉडेलवरून शिकवण्याचा रीतसर वर्ग सुरू झाला तो १९१९ मध्ये, ग्लॅडस्टन सॉलोमन आल्यावर. स्थापनेनंतर ६२ वर्षांनी! मधल्या काळात नक्षीकामाला, सजावटीला प्राधान्य होतं. म्हणजे राज्यकर्त्यांनी केलेला खरा अन्याय तंत्र लादण्याचा नव्हता. त्यांनी तंत्र तोलूनमापून दिलं. कुणाला किती शिकवायचं हे त्यांनी ठरवलं आणि जे सगळ्यांत मोलाचं होतं ते हातचं राखून ठेवलं. वसाहतीच्या शिक्षणाचा निषेध करायचा तर या राखून ठेवण्याचा करायला हवा. आणि तो करणाऱ्याने उद्याच्या मुलांपासून तंत्र स्वतःच राखून ठेवू नये.

शिकवण मिळाली तिथे आमच्या माणसांनी काय केलं याची उदाहरणं १८५७च्याही आधीची आहेत. १७९०च्या दशकात पुण्यात, पेशव्यांच्या दरबारातला इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्या पुढाकाराने शनिवारवाड्यात चित्रकलेचे धडे सुरू झाले. शिकवायला जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार होता आणि शिकणाऱ्यांत गंगाराम चिंतामण तांबट होता. तांबट, म्हणजे तांब्यापितळेची भांडी घडवणारे. या गंगारामने वेरूळची लेणी रेखाटली, पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा रेखाटला. ती चित्रं आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. १७९५ साली सवाई माधवराव गेले, त्याच साली वेल्सही गेला, आणि शाळेचं पुढे काही झालं नाही. पण तेवढ्या अल्प काळात एका माणसाने नवं तंत्र उचललं आणि त्याने आपल्याच भूमीतल्या लेण्यांकडे पाहिलं. त्याला गुलाम म्हणायचं का?

पुढे जे. जे.मध्येही हेच झालं. व्हिक्टोरिया टर्मिनसच्या दगडांवर पानं, फुलं, प्राणी आहेत, त्या कोरीवकामात तिथल्या विद्यार्थ्यांचे हात आहेत. कोल्हापूरचे आबालाल रहिमान तिथे शिकून गावी परतले आणि त्यांनी तिथल्या निसर्गाची चित्रं काढली. कोल्हापूरचेच महादेव विश्वनाथ धुरंधर १८९० मध्ये विद्यार्थी म्हणून आले, त्याच शाळेत शिक्षक झाले, मोठ्या पदापर्यंत चढले आणि पुढे त्या सगळ्या वर्षांचं 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' हे पुस्तक लिहिलं. धुरंधरांच्या चित्रांतल्या बायकांची नऊवारी कुठे ताणली जाते, कुठे तिला चुणी पडते ते बघावं. ते कुठल्याही युरोपीय पुतळ्यावरून येत नाही. तंत्र बाहेरून आलं असेल, पाहणारा डोळा इथलाच होता.

दुसरा आरोप नक्कल आणि सरावाचा. या आरोपाला उत्तर देणारा एक प्रसंग महाराष्ट्राच्या मातीतच घडलेला आहे, आणि तो फार कमी सांगितला जातो.

१८७२ ते १८८५ या काळात जे. जे.चे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात राहिले. लेण्यांतल्या अंधूक उजेडात, भिंतीसमोर कॅनव्हास लावून विद्यार्थ्यांनी ती चित्रं उतरवली. त्यांत पेस्तनजी बोमनजी होते, जे पुढे मुंबईचे नावाजलेले चित्रकार झाले. त्याआधी रॉबर्ट गिल यांनी तिथे वर्षानुवर्षं राहून केलेल्या बहुतेक प्रतिकृती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या होत्या. ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांच्याही कितीतरी प्रतिकृती १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या आगीत गेल्या. कॅनव्हास जळाले. पण ज्या तरुणांनी पद्मपाणीच्या भुवईची रेघ पुन्हा पुन्हा काढली, त्यांच्या मनगटात ती रेघ उरली.

मग १९०९ ते १९११ मध्ये ख्रिस्तियाना हेरिंगहॅम ही इंग्रज चित्रकर्ती अजिंठ्याला आली. तिच्या मदतीला नंदलाल बोस आणि असितकुमार हालदार यांच्यासारखे तरुण बंगालहून आले. मुंबई आणि बंगाल हे त्या काळातले कलाशिक्षणाचे दोन विरोधी पक्ष. एकमेकांच्या पद्धतीवर दोघांनी भरपूर टीका केली आहे. पण दोघांचेही विद्यार्थी एकाच भिंतीसमोर, एकाच कामासाठी बसले होते, आणि ते काम होतं नक्कल. त्या नकलेतून नंदलाल बोसांची चित्रं दुसऱ्याची झाली का? शांतिनिकेतनच्या कलाभवनात त्यांनी एक अख्खी पिढी घडवली, तिथल्या भिंती रंगवल्या आणि भित्तिचित्राचं जुनं तंत्र शिकवायला जयपूरच्या कारागिराला मानाने बोलावलं.

हीच हेरिंगहॅम अजिंठ्याला येण्यापूर्वी, १८९९ मध्ये, चेन्नीनो चेन्नीनी या इटालियन चित्रकाराच्या तंत्रग्रंथाचा इंग्रजी अनुवाद करून बसली होती. हा ग्रंथ साधारण १४०० च्या सुमाराचा. त्यात शिष्याला किती वर्षं लागतील याचा हिशोब आहे: एक वर्ष नुसतं रेखाटन, सहा वर्षं गुरूच्या कारखान्यात रंग घोटणं, सरस शिजवणं, लाकडी फळ्यांना अस्तर चढवणं, आणि आणखी सहा वर्षं प्रत्यक्ष रंगकाम. एकूण तेरा. इटलीतल्या जुन्या कारखान्याची शिस्त मनात घेऊन आलेली बाई अजिंठ्याच्या गिलाव्यापुढे बसते आणि बंगालचे तरुण तिच्या शेजारी बसून रेघ ओढतात. तंत्राला देश नसतो, त्याला फक्त मेहनत करणारे हात लागतात.

१९१९ हे सालही लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्या एका वर्षात मुंबईत सॉलोमननी जिवंत माणसावरून अभ्यासाचा वर्ग उघडला, शांतिनिकेतनात कलाभवन सुरू झालं आणि जर्मनीत वायमारला बाउहाउसची स्थापना झाली. तिघांची दिशा वेगळी. एकाला मानवी शरीर हवं होतं, दुसऱ्याला भारतीय परंपरा आणि निसर्ग, तिसऱ्याला यंत्रयुगासाठी नवी रचना. बाउहाउसने तर जुन्या अकादमीचा उंबरठा ओलांडून बाहेर पाऊल टाकलं. पण तिथेही विद्यार्थ्याला आधी प्राथमिक अभ्यासक्रम होता, मग लाकूड, धातू, विणकाम, माती यांपैकी एका कार्यशाळेत काम होतं. शिकवणं बंद करा, असं तिघांपैकी कुणीच म्हटलं नाही. भांडण होतं ते काय शिकवायचं यावर. १९२२च्या डिसेंबरात बाउहाउसच्या कलावंतांची चित्रं कलकत्त्याला प्रदर्शनात लागली होती, म्हणजे या प्रवाहांची एकमेकांशी ओळखही होती.

मग फ्रान्सिस न्यूटन सुझांचं नाव पुढे केलं जातं. १९४५ मध्ये त्यांना जे. जे.तून काढून टाकलं आणि १९४७ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला, तेव्हा शाळा नसली तरी चालतं. पण सुझांची ती धारदार काळी रेघ पाहिली की ती किती सरावलेल्या हाताची आहे हे कळतं. शाळेशी त्यांनी भांडण केलं, रेखाटनाशी केलं नाही. मकबूल फिदा हुसेन यांच्याकडे पदवी नव्हती असं सांगतात. इंदूरला देवळालीकरांच्या कलाशाळेत ते काही काळ शिकले होते, हे सांगत नाहीत. आणि मुंबईत सिनेमाची पोस्टरं रंगवणं ही काय कमी शाळा होती? वीतभर फोटोवरून दोन मजली चेहरा वर चढवायचा, शिडीवर उभं राहून, जवळून काही दिसत नसताना. हाताला माप बसल्याशिवाय ते होत नाही. वासुदेव गायतोंडे १९४८ मध्ये जे. जे.तून पदविका घेऊन बाहेर पडले. त्यांच्या चित्रांत तांब्या नाही, माणूस नाही. पण रोलरने आणि पॅलेट नाइफने रंगाचे थर चढवायचे, उतरवायचे आणि आतून उजेड येतोय असं वाटेल तिथे थांबायचं, हे तंत्र नाही तर काय आहे? पिकासोचं उदाहरण देणाऱ्यांनी त्याचं 'सायन्स अँड चॅरिटी' हे १८९७चं चित्र पाहावं. तेव्हा तो १५ वर्षांचा होता आणि त्याचे वडील चित्रकलेचे शिक्षक होते. नियम मोडायला आधी ते हाताशी असावे लागतात.

नक्कल वाईट केव्हा होते हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं, कारण आम्ही शिक्षकांनीच ती वाईट केली आहे. आपल्याकडे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा आहेत. त्यांत स्मरणचित्र हा विषय आहे. मुलाने आठवड्याचा बाजार पाहिलेला असावा, एसटी स्टँड पाहिलेलं असावं, आणि ते आठवून काढावं, असा त्याचा हेतू. प्रत्यक्षात काय होतं? मार्गदर्शक पुस्तकातल्या चार ठरावीक आकृत्या मुलं पाठ करतात. छत्रीवाली बाई, हातगाडीवाला, पाठमोरा मुलगा, झाडाखालचा म्हातारा. विषय काहीही येवो, याच चौघांची जागा बदलते. दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून परीक्षेला गर्दी होते, आणि गर्दी झाली की पाठांतर हीच सोय होते. मीही सुरुवातीची काही वर्षं अशीच तयारी करून घेतली आहे, त्याचा मला पश्चात्ताप आहे. वक्त्यांचा राग या प्रकारावर असेल तर मी त्यांच्या बाजूने उभा आहे. पण हा दोष तंत्र शिकवल्याचा नाही. तो तंत्र न शिकवता तंत्राचा आभास उभा केल्याचा आहे. पाठ केलेली छत्रीवाली बाई आणि डोळ्यांच्या पातळीला आणलेला तांब्या, या दोन अगदी उलट गोष्टी आहेत. पहिलीत मूल पाहणं बंद करतं, दुसरीत सुरू करतं. विहिरीचं पाणी गढूळ झालं तर विहीर उपसतात, बुजवत नाहीत.

तिसरा मुद्दा यंत्राचा. हा वाद वाटतो तितका नवा नाही. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५४ मध्ये. म्हणजे हाताने चित्र काढायला शिकवणारी शाळा उघडली तेव्हा कॅमेरा शहरात आधीच येऊन बसला होता. रॉबर्ट गिल यांनी तर अजिंठ्यात ब्रशही चालवला आणि कॅमेराही. तरीही ग्रिफिथ्सचे विद्यार्थी नंतर तेरा वर्षं त्या भिंती हाताने उतरवत बसले, कारण त्या काळच्या फोटोत रंग नव्हता. आणि जे काम कॅमेऱ्याने पुढे खरोखरच आपल्याकडे घेतलं, त्यानंतरही रेखाटन शिकवणं थांबलं नाही, कारण रेखाटनाचा उपयोग फक्त चित्र मिळवण्यासाठी कधीच नव्हता.

माझ्या वर्गातल्या तांब्याचं चित्र कुणाला हवं होतं? कुणालाच नाही. बाजारात तांब्याचे हजार फोटो मिळतील. त्या मुलीला हवी होती ती नजर. संगणकाने काढलेल्या चित्रात एक सावली डावीकडे आणि दुसरी उजवीकडे पडली असेल, तर ते ओळखणार कोण? ज्याने कधी उन्हात बसून सावली काढली आहे तोच. यंत्र जितकं जास्त आणि जितकं सोपं चित्र देईल, तितकं चांगलं-वाईट निवडणाऱ्या डोळ्याचं मोल वाढेल. ते डोळे शाळेत घडवायचे नाहीत तर कुठे?

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला ती सांगतो.

जुन्या काळी तंत्र घराण्यात होतं. सुताराचं सुताराकडे, सोनाराचं सोनाराकडे, चितारी घराण्याचं चितारी घराण्यात. ज्ञान खरं होतं, उत्तम होतं, पण दार बंद होतं. कलाशाळेने, तिच्या सगळ्या दोषांसकट, हे दार जातीबाहेरच्या आणि घराबाहेरच्या मुलांसाठी उघडलं. पुढे गावोगावच्या शाळांत चित्रकलेचा शिक्षक पोचला आणि चित्रांशी सात पिढ्यांत संबंध नसलेली मुलं कागदावर पहिली रेघ ओढू लागली. ही आपल्या सार्वजनिक शिक्षणाची मोठी कमाई आहे.

शिक्षकाने बाजूला व्हावं असं म्हणताना हे दार पुन्हा बंद होतं आहे हे टाळ्या वाजवणाऱ्यांच्या ध्यानात आलं नसावं. ज्यांच्याकडे पैसे आहेत ते आपल्या मुलांना खासगी वर्गात पाठवतील, तिथे त्यांना प्रमाणही शिकवलं जाईल आणि छायाप्रकाशही. कारण वास्तुकलेच्या, डिझाइनच्या प्रवेशपरीक्षांत रेखाटन लागतं, हे त्यांना माहीत आहे. आणि गवंड्याच्या मुलीला आपण काय सांगणार? की तू मोकळी आहेस, जसं सुचेल तसं काढ? हे मोकळं सोडणं नाही, तिला वाऱ्यावर सोडणं आहे. साहेबांनी ६२ वर्षं जे राखून ठेवलं, ते आपण तिच्यापासून स्वातंत्र्याच्या नावाने राखून ठेवू.

मी निवृत्त झालो त्यानंतर माझ्या शाळेत चित्रकलेची जागा भरली गेली नाही. तास वेळापत्रकात आहे, पण त्या तासाला गणिताचा सराव होतो. कपाटातला तांब्या, घंगाळ, मातीचा माठ, फडक्याचे तुकडे, सगळं धूळ खात आहे. "मुलांना मोकळं सोडा" या वाक्याचा खऱ्या शाळांत असा अर्थ लावला जातो. शिक्षक नको असेल तर जागा कशाला भरायची, हे कुणाही व्यवस्थापनाला पटकन पटतं.

म्हणून माझं मागणं साधं आहे. प्रत्येक शाळेत चित्रकलेचा शिकलेला शिक्षक असावा. आठवड्याचे दोन तास खरोखर चित्रकलेचेच असावेत. मुलांपुढे पुस्तकातलं चित्र ठेवू नये, खरी वस्तू ठेवावी. स्मरणचित्राच्या परीक्षेत पाठ केलेल्या आकृत्यांना गुण देऊ नयेत, चुकलेल्या पण पाहिलेल्या आकृतीला द्यावेत. अभ्यासक्रमात वारलीचा चौकही यावा, अजिंठ्याचा गिलावाही यावा, आल्बेर्तीचं गणितही यावं, आणि शिकवणाऱ्याने तिन्ही सारख्या आदराने शिकवावेत. यातून काय घ्यायचं आणि काय टाकायचं ते मूल मोठं झाल्यावर ठरवील. पण टाकण्यासाठी आधी त्याच्या हातात काहीतरी यायला हवं.

त्या मुलीचं पुढचं सांगायचं राहिलं. तांब्याच्या तासानंतर आठवड्याने तिने वहीचं एक पान आणून माझ्यापुढे ठेवलं. मी काही सांगितलेलं नव्हतं. पानावर त्यांच्या वस्तीवरची विहीर होती, काठावर बसून पाहिलेली. वरच्या कठड्याचं लंबवर्तुळ चपटं, आत एकेक थर खाली जाताना दगडांचे वेढे अधिकाधिक उघडत गेलेले, आणि तळाशी पाण्याचं वर्तुळ जवळजवळ पूर्ण गोल. एका बाजूचे दोन दगड निखळलेले होते, तिथून तिने पिंपळाचं रोप काढलं होतं. मी विचारलं, रोप खरंच आहे का? ती म्हणाली, "आहे की. आधी दिसलं नव्हतं. वेढे मोजायला बसले तेव्हा दिसलं."